पिंजाऱ्याच्या घरातली गादी

फार पूर्वी, गाद्या दुकानात मिळत नसत आणि पिंजारी दारी येऊन त्या भरून देई, त्या काळी एक पिंजारी आणि त्याची बायको गावोगाव फिरत असत. पिंजाऱ्याच्या खांद्यावर कापूस पिंजायचं लांबलचक धनुष्य आणि बायकोच्या डोक्यावर सगळा संसार. आज या गावच्या धर्मशाळेत मुक्काम, उद्या त्या गावच्या झाडाखाली. अशी पंधरा वर्षं गेली. पिंजारणीला चालण्याचा वीट आला होता. झोपेतही आपण चालतोच आहोत असं तिला वाटायचं आणि सकाळी ती उठायची तीच दमलेली.

तिची इच्छा एकच होती. आपलं घर असावं आणि दुपारी दार लोटून त्यात घटकाभर पडता यावं. यापलीकडे तिने कोणाकडे काही मागितलं नव्हतं.

त्यासाठी तिने आपला एक उद्योग चालवला होता. उन्हाळ्यात रानातल्या सावरीची बोंडं फुटतात आणि आतला मऊसूत कापूस वाऱ्यावर उडू लागतो. वाट चालता चालता ती तो वेचायची, बिया काढायची आणि एका पोत्यात दाबून भरायची. मूठभर इथला, पसाभर तिथला. नवरा हसायचा, म्हणायचा, "अगं, दुसऱ्यांच्या गाद्या भरून पोट भरत नाही, म्हणून वाऱ्यामागे धावतेस होय?" ती वेचतच राहायची. पोतं दरवर्षी थोडं फुगायचं.

शेवटी एका गावाला त्यांची गरज पडली. त्या गावात पिंजारी नव्हता आणि घराघरांतल्या गाद्यांचे गोळे झाले होते. गावच्या पंचांनी दोघांना वेशीजवळ, कडुनिंबाच्या झाडापाशी जागा दिली आणि म्हणाले, "घर बांधा, सुखाने राहा. पण आमच्या गावची एक रीत आहे. नव्या घरात गावातल्या सगळ्यांत वयस्क माणसाने दुपारी जेवायचं आणि तिथेच झोपायचं. झोप लागली, तर घर तुमचं. नाही लागली, तर जागा गावाकडे परत."

ही रीत कोणी घातली हे पंचांनाही ठाऊक नव्हतं. पण ती मोडल्याचंही कोणाला आठवत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका लोहाराला असंच बिऱ्हाड उचलावं लागलं होतं. त्याच्या घराच्या भिंती अजून उभ्या होत्या आणि आत गवत वाढलं होतं.

त्यात गावातलं सगळ्यांत वयस्क माणूस म्हणजे म्हातारी सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. आयुष्यभर कोणी ना कोणी अवेळी तिची कडी वाजवत आलं, त्यामुळे तिची झोप पार मोडून गेली होती. पान पडलं तरी ती जागी व्हायची.

दोघांनी मिळून घर बांधलं. पिंजारणीने माती तुडवली, भिंती लिंपल्या, पाणी वाहिलं. पुढे सोपा, मागे स्वयंपाकघर, एवढंच घर. छप्पर चढलं त्या दिवशी तिने सावरीच्या कापसाचं पोतं सोडलं, जाड कापडाची खोळ शिवली, गादी भरली आणि टाके घातले. मग ती गुंडाळून कोपऱ्यात ठेवून दिली. घरभरणी झाल्याशिवाय तिच्यावर पाठ टेकायची नाही असं तिने ठरवलं होतं.

आता राहिलं घर मांडायचं. हाताशी शिल्लक थोडी आणि घर रिकामं. आणि इथेच पिंजाऱ्याने घोटाळा केला.

त्यालाही उगाच दोष देण्यात अर्थ नाही. पिंजारी नेहमी अंगणात बसून काम करतो. कापूस उडतो, म्हणून त्याला कोणी घरात घेत नाही. पंधरा वर्षं त्याने शेकडो घरं पाहिली, पण सगळी अंगणातून, उघड्या दारातून. दारातून दिसतो तो सोपा. सोप्यातला झोपाळा, भिंतीवरचा आरसा, पितळी समई, नक्षीचा पलंग. घर म्हणजे एवढंच, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. भरलेल्या गाद्या उचलून आतल्या खोल्यांत नेऊन टाकायची ती त्याची बायको. आतल्या खोल्यांत लोक कसे हातपाय पसरून पडतात, ते तिने पाहिलं होतं. तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण त्याने विचारलं नाही.

तो वाण्याकडे गेला आणि झोपाळा घेऊन आला. झोपाळ्याला घुंगरं होती. मग समई आली. मग पडदा आला. मग पलंग आला, त्याच्या पायांवर मोर कोरलेले. शिल्लक संपली तेव्हा त्याला आरसा आठवला.

"आरशाशिवाय सोपा बोडका दिसतो," तो बायकोला म्हणाला. "पाटलांच्या सोप्यात आहे तसाच वाण्याकडे आहे. म्हातारी आत आली की तिचे डोळेच दिपले पाहिजेत."

"तिने डोळे मिटायचेत ना?" पिंजारणीने विचारलं.

"अगं, घर आवडलं तरच मिटेल ना." तो जरा घुटमळला. "वाणी म्हणतो, पैसे नसले तरी चालेल. त्याची पाठ दुखते. त्याला ती सावरीची गादी हवी आहे."

पिंजारणी तेव्हा सोपा सारवत होती. पहाटेपासून तिचे हात शेणात होते आणि कमरेचा काटा ढिला झाला होता. तिच्या मनात आलं, नाही म्हणावं. पण नाही म्हटलं की तो का म्हणून विचारणार, मग आपण सांगणार, मग तो समजावणार, मग दिवस मावळणार. दमलेल्या माणसाला भांडण परवडत नाही. तिने मानही वर केली नाही.

"न्या," ती म्हणाली.

तो गादी खांद्यावर टाकून गेला आणि आरसा घेऊन आला. पिंजारणीने सारवण संपवलं, हात धुतले आणि मग परसात जाऊन थोडं रडून घेतलं.

घरभरणीच्या दिवशी गाव लोटलं. आरशात डोकावून प्रत्येकाने मिशा नाहीतर पदर सारखा केला, झोपाळ्याला झोका दिला, पलंगाच्या मोरांना हात लावून पाहिला. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. पिंजारी दारात उभा राहून प्रत्येक वस्तूची कुळकथा सांगत होता. पिंजारणी आत चुलीपाशी होती. तिच्याकडे कोणी आलं नाही, कारण तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. एक चूल, एक रांजण आणि भिंतीकडेला अंथरलेली जुनी वाकळ.

लोक पांगले. पंच आणि पिंजारी अंगणात कडुनिंबाखाली बसले. कडुनिंबाची सावली सरकत सरकत उंबऱ्याला टेकली की वेळ संपणार होती. तोवर सुईणीला झोप लागलेली असायला हवी.

सुईण जेवली. दोन घास जास्तच जेवली. मग पिंजारणीने तिला झोपाळ्यावर निजवलं. म्हातारीने कूस बदलली की घुंगरं वाजायची. घुंगरं वाजली की ती दचकायची.

"पोरी, हे गाय बांधल्यासारखं काय वाजतंय?" ती म्हणाली.

मग पिंजारणीने तिला पलंगावर नेलं. पलंगावर फुलाफुलांची चादर होती आणि चादरीखाली नुसत्या फळ्या. म्हातारीची हाडं फळ्यांना लागली. ती कुशीवर वळली, तर समोर आरसा.

"आता माझंच तोंड माझ्याकडे बघतंय," सुईण उठून बसली. "एवढा मोराचा पलंग आणला आणि वर गादी नाही?"

"होती आजी," पिंजारणी म्हणाली. "आरशापायी गेली."

सुईणीने आरशाकडे पाहिलं, मग पिंजारणीच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली. आयुष्यभर बाळंतिणी पाहिलेली बाई ती. दमणूक तिला सांगावी लागत नव्हती.

"तू जेवलीस का?" तिने विचारलं.

"तुम्ही झोपलात की जेवते."

"माझ्या उशाशी उभी राहिलीस तर मला झोप येणार नाही. जा, दोन घास खाऊन घे."

पिंजारणी स्वयंपाकघरात आली. घर आता जाणार, हे तिला कळून चुकलं होतं. उद्या पुन्हा गाठोडं, पुन्हा रस्ता. तिला रडू यायला हवं होतं, पण रडण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. तिने भाकरी वाढून घेतली आणि वाकळेवर बसली. एक घास खाल्ला. दुसरा हातात घेतला आणि भिंतीला जरा डोकं टेकलं.

तिला जाग आली ती हाताला मुंग्या आल्यामुळे. ती कधीतरी वाकळेवर कलंडली होती. क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळेना. मग एकदम सगळं आठवलं. आपण झोपलो. म्हातारीला एकटं सोडून, बोलावलेल्या पाहुणीला सोडून आपण झोपलो.

उठायला गेली तर हात उचलेना. तिने मान वळवून पाहिलं. तिच्या दंडावर डोकं ठेवून, वाकळेवर पाय पोटाशी घेऊन म्हातारी सुईण झोपली होती आणि चांगली घोरत होती.

पिंजारणीने श्वास रोखला. दारातून सोपा दिसत होता आणि सोप्यापलीकडचा उंबरा. सावली अजून त्याच्यापासून हातभर लांब होती.

एवढ्यात खिडकीतून मांजर आलं. ते चुलीकडे गेलं, दुधाच्या भांड्यावरची ताटली त्याने पंजाने हळूच बाजूला सारली आणि निवांतपणे दूध प्यायला लागलं. सगळं दूध त्याने पिंजारणीच्या डोळ्यांदेखत संपवलं, मिशा चाटल्या आणि तिच्याकडे बघून ते निघून गेलं. ती हलली नाही. पिंजाऱ्याने काळजीने दारातून डोकावलं, पलंग रिकामा पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्याची नजर आतल्या दारात गेली. पिंजारणीने मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. तो तसाच मागे सरला.

पंधरा वर्षांत दिवसाढवळ्या ती अशी पडून राहिली नव्हती. आज तर उठायची बंदीच होती. हळूहळू तिचं अंग सैल झालं. सावली उंबऱ्याला कधी टेकली ते तिने पाहिलंच नाही, कारण तिचा डोळा पुन्हा लागला होता.

सुईण उठली आणि अंगणात आली. पंच उभे राहिले.

"झोप लागली," ती म्हणाली. "घर यांचं."

पिंजाऱ्याने हात जोडले. "घर आवडलं ना आजी? झोपाळा, पलंग..."

"तुझ्या सोप्यात मला डोळा मिटता आला नाही," सुईण म्हणाली. "मी उठून घरी निघाले होते. जाता जाता हिला सांगावं म्हणून आत डोकावले, तर ही हातात घास घेऊन झोपलेली. तिला बघून मलाच झापड आली. तुझं घर तुझ्या बायकोच्या झोपेने राखलं, बाबा. तीही जमिनीवरची, फाटक्या वाकळेवरची. सगळ्या गावाला गाद्या भरून देतोस आणि हिला एक नाही?"

पिंजाऱ्याची मान खाली गेली. तो दारात गेला आणि पहिल्यांदाच त्याने सोप्याकडे न बघता आत बघितलं. बायको झोपली होती. हातातला घास वाळून गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो आरसा घेऊन वाण्याकडे गेला. वाणी सावरीच्या गादीवर लोळत होता.

"आरसा घ्या आणि गादी द्या," पिंजारी म्हणाला.

"आरसा तुझ्याकडेच ठेव," वाणी उठलासुद्धा नाही. "हवी तर आणखी एक समई ने. दहा वर्षांनी माझ्या पाठीला आराम पडलाय. गादी मिळणार नाही."

पिंजाऱ्याने खूप विनवण्या केल्या. वाणी बधला नाही. पंधरा उन्हाळ्यांचा कापूस गेला तो गेलाच.

मग पिंजाऱ्याने झोपाळा उतरवला. तो आणि आरसा शेजारच्या गावच्या बाजारात पडेल भावाने विकला आणि साधा कापूस आणला. अंगणात बसून त्याने तो स्वतःच्या घरासाठी पिंजला. इतका वेळ पिंजला की लोक म्हणाले, अरे, आता पुरे. गादी भरून झाल्यावर ती त्याने स्वतः उचलून आत नेली. ती सावरीसारखी मऊ नव्हती. पिंजारणीने हात फिरवून पाहिला आणि ती "चालेल" म्हणाली. मग तिने दार लोटून घेतलं.

पुढच्या आठवड्यात परगावचे काही लोक घर बघायला आले. गावात कोणा पिंजाऱ्याने आरशाचा सोपा केलाय असं त्यांच्या कानावर गेलं होतं. पिंजारी कडुनिंबाखाली, दाराकडे तोंड करून बसला होता. दुपार होती आणि दार लोटलेलं होतं.

"घर दाखवता का?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी या," पिंजारी म्हणाला. "आणि जरा हळू बोला. घरात माणूस झोपलंय."

तात्पर्य एवढंच: हातात थोडं असेल तेव्हा घर आधी त्यात राबून दमणाऱ्यासाठी मांडावं, बघायला येणाऱ्यांना काय, ते बघून आपापल्या घरी झोपायला जातात.