ढब्बूच्या माथी चेंडू

घाटमाथ्यावरच्या एका गोल्फ क्लबाचे अध्यक्ष जयसिंगराव. असामी मोठी, मिशा त्याहून मोठ्या, नेम तेवढा आंधळा! क्लबाचा नियम असा, की कुत्र्यानं चेंडू पळवला तर दंड नाही. चेंडू होता तिथं परत ठेवायचा. म्हणून रावांचा चेंडू झाडीत शिरला, की ते क्लबात येणाऱ्या इंदुमतीबाईंच्या कुत्र्यावर, ढब्बूवर खेकसायचे, "यानंच नेला!" अन् चेंडू हिरवळीवर हवा तिथं मांडायचे. ढब्बू बिचारा म्हातारा, दात पडलेला, सावलीत घोरत असायचा.

एकदा रावांनी सगळ्यांसमोर फर्मान सोडलं, "उद्यापासून मैदानावर कुत्री बंद! या ढब्बूनं उच्छाद मांडलाय."

एकट्या बाईंना ढब्बूवाचून सोबत कोण? पण बाई पक्क्या.

"मान्य आहे, राव. ढब्बू घरी राहील. पण परवा करंडकाचा सामना. तुमचा चेंडू झाडीत गेला, तर नेला कुणी म्हणून सांगाल?"

मंडळी खो खो हसली. रावांनी मिशीवरून हात फिरवला, घसा खाकरला.

"मुकं जनावर आहे हो, येऊ द्या! अन् परवा जरा लवकरच आणा."