पोपटाचं बारसं आणि राजाची दवंडी

“अजून आठ हजार होन कर्ज? बाळोबा, वर्षभर झोपा काढल्यास की काय?”

सोनवडीचे रत्नाजीराजे असे कडाडले, की पंखा ढाळणाऱ्याचा हात जागीच थांबला. खजिन्यावरचा कारकून बाळोबा समोर मान खाली घालून उभा. आता, हे कर्ज काढलं कुणी? राजांनी. उडवलं कुणी? तेही राजांनीच! बोटातली अंगठी मिरवत राजे नुसतं ‘दिलं!’ म्हणत आणि खजिन्यातून होन निघत. पण चोर सोडून संन्याशाला फाशी, ही रीत काय आजची आहे?

“पुढच्या दिवाळीच्या पाडव्यापर्यंत कर्ज फिटलं नाही, तर हा बाळोबा राज्याच्या हद्दीबाहेर! तोवर कोठडीत टाका याला!”

बापाची भाकरी घेऊन आलेली सगुणा खांबाआडून हे ऐकत होती. या वयात आबा जातील कुठे? ती तरातरा पुढे आली.

“महाराज, कर्ज मी फेडून दाखवते! आबांना सोडा!”

“सगुणे, गप बस गं बाई!” बाळोबा कळवळला.

राजांना मात्र मौज वाटली. “फेड की! पण नवा कर बसवायचा नाही. वाड्यातली एक पळीसुद्धा विकायची नाही. आणि आम्ही ‘दिलं’ म्हटलं, की कुणी ‘नाही’ म्हणायचं नाही! फिटलं तरच बाप सुटेल!”

दरबार फिदीफिदी हसला. म्हणजे हात बांधून विहिरीत ढकलायचं आणि वर म्हणायचं, पोह आता!

“कबूल!” सगुणा म्हणाली. “माझं एकच मागणं. तुम्ही देवळाला दान दिलंत, की गावात दवंडी होते ना?”

“होतेच! आजोबांपासूनची रीत आहे. राजाने दिलेलं रयतेला कळायलाच हवं!”

“मग दानाचीच का? रोज तिन्हीसांजेला दिवसभराच्या सगळ्या खर्चाची होऊ द्या. कवडीन् कवडीची. शेवटी कर्जाची बाकी. पाडव्यापर्यंत एक दिवसही खाडा नको.”

आपला थाट रोज गावभर गाजणार! राजांच्या मिशा फुलल्या. “दिलं!”

त्याच संध्याकाळी खंडू दवंडीवाल्याने चौकात डफ बडवला. “ऐका हो ऐका! आज राजेसाहेबांनी अत्तराला चाळीस होन खर्चले! पोपटाच्या बारशाला साठ! मागच्या पोपटाचं बारसं राहून गेलं होतं, म्हणून त्याची समजूत काढायला तीस! सावकाराचं देणं बाकी, आठ हजार होन!”

सज्जात राजे मिशांना पीळ देत उभे होते. पहिले चार दिवस मोठ्या झोकात गेले. पाचव्या दिवशी राजांची पालखी बाजारातून निघाली, तर एक भाजीवाली शेजारणीला विचारत होती, “काय गं, धाकट्या पोपटाची मुंज कधी?”

“आधी सावकाराला विचारावं लागेल बाई!”

सगळा बाजार खो खो हसला. पालखीचा पडदा झर्रकन पडला.

वाड्यावर येताच राजांनी सगुणेला बोलावलं. “पोरी, उद्या चांदीचा पिंजरा यायचाय. तेवढा दवंडीत नको घालूस.”

“तसं कसं, महाराज? कवडीन् कवडी ठरलीय. तुम्हीच ‘दिलं’ म्हणालात!”

राजांनी मिशी चावली. “मग... पिंजराच नको!”

“जशी आज्ञा!” सगुणा म्हणाली आणि पिंजऱ्याचे ऐंशी होन तडक सावकाराकडे रवाना झाले.

त्या संध्याकाळी खंडू ओरडला, “सावकाराचं देणं बाकी, सात हजार नऊशे वीस!” मग कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळा चौक गरजला, “रत्नाजीराजांचा विजय असो!” राजे सज्जात चकित. चाळीस होनांच्या अत्तराला कधी कुणी असा जयजयकार केला नव्हता!

मग काय विचारता! राजांना नवीच चटक लागली. सकाळी डोळे उघडले, की पहिला सवाल, “आज किती फेडायचे?” नाचगाणं महिन्यातून एकदा आलं. पोपट बिनाबारशाचे सुखाने पेरू खाऊ लागले. सगुणा दर संध्याकाळी बापाला कोठडीच्या गजांतून आकडा सांगायची आणि घरी जाताना डोळे पुसायची.

पाडव्याच्या सकाळी सावकार कर्ज फिटल्याची चिठ्ठी घेऊन हजर झाला. बाळोबालाही दरबारात आणलं. पण राजे गंभीर होते.

“सगुणे, कर्ज फिटलं खरं. पण तू अट मोडलीस! आमचे खर्च थांबवलेस! मग बाप कसा सुटणार?”

बाळोबाने डोळे मिटले. सगुणेचे मात्र मिटले नाहीत!

“महाराज, वर्षभराच्या दवंड्या खंडूला तोंडपाठ आहेत. मी एकदा तरी ‘नाही’ म्हटलेलं त्याने सांगावं! तुम्हाला ‘नाही’ म्हणायची छाती राज्यात एकाच माणसाची होती, आणि त्यानेच ते म्हटलं. पाडव्याला त्यालाच हद्दीबाहेर घालवायचं का?”

तो माणूस आपणच, हे राजांच्या ध्यानात आलं मात्र, मांडीवर थाप मारून ते असे हसले, असे हसले, की पगडी तिरकी झाली!

“सोडा रे बाळोबाला! जागा परत द्या त्याची! आणि सगुणेला पाचशे होन!” मग राजे थबकले. “अगं, याचीही दवंडी होणार का?”

“आजची राहिलीय, महाराज. होणारच!”

“मग पाचशेत आमची काय शोभा? हजार!”

“घेईन की!” सगुणा म्हणाली. “पण खजिन्यात आहेत का, ते आधी आबांना विचारा!”

बाळोबा पुढे झाला. चोपडी उघडली, पानावरून बोट फिरवलं आणि वर्षात पहिल्यांदा मान ताठ करून म्हणाला, “आहेत, महाराज!”

“दिलं!” राजे गरजले.