कॅमेरा आणि काजळाची डबी

रोलच्या कॅमेऱ्यांचे दिवस होते. वाईच्या शिंत्रे फोटोग्राफरांकडे नवाकोरा कॅमेरा आला. त्याचं भिंग हाताने फिरवावं लागत नसे. बटण दाबलं की तो स्वतःच नजर जुळवी. त्यामुळे कॅमेऱ्याची स्वारी भारी तोऱ्यात असे.

एकदा गोदाआत्या तान्ह्या भाच्याला घेऊन आल्या. बाळ झोपलेलं, दुपटं पांढरं, गादी पांढरी, गालावर तेवढी काळी तीट.

"एवढ्या गोजिऱ्या गालावर डाग कशाला?" कॅमेऱ्याने आत्यांच्या पिशवीतल्या काजळाच्या डबीला टोमणा मारला.

शिंत्रेही म्हणाले, "आत्या, तीट पुसा. फोटो स्वच्छ येईल."

आत्यांनी पुसली. शिंत्र्यांनी बटण दाबलं. भिंग घर्र घर्र करत पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. सगळं पांढरंशुभ्र, नजर ठरेचना. आणि नजर ठरल्याशिवाय फोटो काढायचा नाही, हा तर कॅमेऱ्याचा बाणा! बिचारा रडकुंडीला आला.

"उघड्या गालाचा फोटो नकोच मला," म्हणत आत्यांनी पुन्हा तीट लावली.

काळ्या तिटेवर नजर ठरली, भिंग थांबलं. खट्! फोटो निघाला.

आत्या डबी पिशवीत ठेवू लागल्या, तेवढ्यात दारात दुसरं बाळ आलं.

"डबीबाई," कॅमेरा हळूच म्हणाला, "जरा थांबता का? हेही फारच स्वच्छ दिसतंय."