सात गडांचे टोले

"उद्या दुपारी बाराला सातही गडांवर एकदम नगारे वाजतील!" तुंगराज महाराज भर दरबारात गरजले. "सगळ्या टोल्यांची बेरीज करा. राजवाड्याच्या दारापासून तितक्या फरशा मोजा. शेवटच्या फरशीखाली माझा शिरपेच आहे! दिवस मावळायच्या आत काढून दाखवा. नाहीतर तुमचा तो ग्रुप कायमचा बंद!"

या राज्यात राजा होता, प्रधान होता, हत्ती होते आणि घरोघरी मोबाईलही होते. गोष्ट आमची, आम्ही ते दिले!

ग्रुपचं नाव 'रिकामटेकडी मंडळी'. ॲडमिन हौसा कासारीण. बांगड्या भरायला ती गावोगाव हिंडायची आणि जिचा हात हातात घेईल तिला ग्रुपात ओढायची. महाराजांनी कोडं घालावं आणि त्यांचा विडा चघळून व्हायच्या आत या मंडळींनी ते सोडवावं! महाराजांचा नुसता तिळपापड व्हायचा.

ग्रुप बंद म्हणताच दरबारात उभी हौसा पुढं सरसावली. हिंडून दमल्यावर तिच्याशी हसायला-भांडायला तीच तर माणसं होती!

"आणि हो," महाराज मिशीला पीळ देत म्हणाले, "कोडं मी एकट्यानं घातलंय. सोडवायचंही एकटीनं!"

"तुम्ही घातलंत तसंच एकटीनं ना, महाराज?"

"अगदी तसंच!"

"मग ठरलं!" म्हणून हौसा निघाली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला सातही गड दणाणले आणि हौसाचा मोबाईल थरथरू लागला.

"भैरवगड, चौदा!"

"चौदा कसले? तेरा! एकदा तूच शिंकलास!"

"शिंक मी धरलीच नाही! चौदाच!"

"घारगड नऊ. आमच्याकडे आज वांग्याचं भरीत आहे."

"भरीत राहू दे, बाई! टोले बोला!"

भांडून-तंडून बेरीज झाली चौऱ्याऐंशी. हौसानं चौऱ्याऐंशीवी फरशी उचलली. खाली एक गांडूळ!

"हरलीस!" महाराजांनी टाळी पिटली. हौसाला रडूच फुटायचं बाकी होतं. तिनं ग्रुपवर लिहिलं, "मंडळी, चुकलो कुठं?"

घारगडाच्या नगारेवाल्याची बायको, धुरपदाकाकू, कधी नव्हे ती बोलली. "अगं, पहिला टोला देवाचा! आमचे हे मोजायला दुसऱ्यापासून लागतात. सगळ्या गडांवर तीच रीत."

सात गड, देवाचे सात टोले! म्हणजे महाराजांनी सांगितलेले सत्याहत्तरच! हौसा सात फरशा मागे पळाली. दगड उचलला आणि शिरपेच उन्हात झळकला!

"चालणार नाही!" महाराज लालबुंद झाले. "एकटीनं ठरलं होतं! तू तर अख्खी जत्रा कामाला लावलीस!"

"महाराज, आज बाराला तुम्ही कुठल्या गडावर होता?"

"मी? मी इथंच जेवत होतो."

"मग सात ठिकाणचे सात नगारे एका वेळी वाजवले कुणी? शिरपेच पुरायला फरशी उचलली कुणी? माझ्याबरोबर होती तितकीच माणसं तुमच्याबरोबरही होती. तुम्ही एकटे, तर मीही एकटीच!"

प्रधानाला ठसका लागला. महाराज पोट धरून असे हसले, की हत्तीसुद्धा दचकले!

"माग, हौसा, काय हवं ते माग!"

"धुरपदाकाकूंना हा शिरपेच. आणि मंडळींना जिलबीची पंगत!"

"दिली! आणि मला ग्रुपात घे!"

"घेते, महाराज. पण पंगतीत वाढायला तुम्हीच, आणि तेही एकट्यानं!"