हत्तीचं उत्तर गाढवांच्या टोपलीत

मांडवगिरीच्या राजाचा हत्ती रणबहाद्दर नव्या महाद्वारापाशी आला, थांबला आणि काही केल्या पुढे जाईना. ऊस दाखवून झाला, गुळाची ढेप दाखवून झाली, अंकुशही लावून झाला. तो आपला सोंड हलवत उभाच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी याच हत्तीवर बसून, शेजारच्या राजाला सोबत घेऊन, जयकेतू महाराज याच दारातून मिरवत येणार होते.

"धोंडजी," महाराज माहुताला म्हणाले, "कुठलीही अडचण आणा, तिचं उत्तर माझ्या प्रश्नघरात आहेच, असं मी पाहुण्यांना सांगून बसलोय. म्हणजे हिचंही असणार. दिवस मावळायच्या आत ते शोधून आण. नाही सापडलं, तर उद्यापासून रणबहाद्दरला दुसरा माहूत."

धोंडजीने रणबहाद्दरला पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं. तो हत्तीच्या पायाशी बसला. त्याला अक्षरओळख नव्हती. त्याच्या मुलीला, येसूला, होती.

"आबा, तो नेमका कुठे थांबतो?" येसूने विचारलं.

"दाराच्या अलीकडेच. नवी फरशी लागते ना, तिच्यावर पाय ठेवतो आणि मागे घेतो."

"म्हणजे दाराला तो भीत नाही."

"दाराकडे तर बघतही नाही."

येसू प्रश्नघराकडे निघाली.

प्रश्नघर म्हणजे महाराजांचा अभिमान. राज्यातल्या कुणीही आपली अडचण चिठ्ठीवर लिहून तिथे द्यावी. ज्याला उपाय ठाऊक असेल त्याने तो खाली लिहावा. उपाय लागू पडला, की विचारणाऱ्याने परत येऊन शेवटी 'गुण आला' असं लिहावं. अशा वीस वर्षांच्या चिठ्ठ्या तिथे रचून ठेवल्या होत्या. त्यांच्या देखरेखीला भास्करपंत शोधनवीस बसत. त्यांचा नियम सोपा होता. हवे ते शब्द कागदावर लिहून द्यायचे. ते सगळे शब्द जिच्यात असतील तीच चिठ्ठी कारकून काढून आणत. एक शब्द जरी चिठ्ठीत नसला, तरी ती जागची हलत नसे. पंतांनी स्वतः एकही चिठ्ठी वाचली नव्हती. ते त्यांच्या कामात बसत नव्हतं.

येसू पोचली तेव्हा दरबारी मंडळी आधीच घाम पुसत होती. त्यांनी लिहून दिलं होतं: 'श्रीमंत महाराजांचा पट्टहत्ती रणबहाद्दर नूतन महाद्वारी प्रवेश करीत नाही.'

"किती निघाल्या?" तिने विचारलं.

"एकही नाही," पंत शांतपणे म्हणाले. "मग नुसतं 'हत्ती' मागितलं. त्या बघ, बारा टोपल्या."

येसूने चार चिठ्ठ्या चाळल्या. हत्तीने ऊस खाल्ला, दाद कुणाकडे मागावी? हत्ती स्वप्नात आला तर काय समजावं? हत्ती बघायला कोणत्या वारी यावं? चौथीत हत्तीवर कविता होती आणि ती कशी वाटली, एवढाच प्रश्न होता.

तिने टोपल्या बाजूला सारल्या आणि कागदावर दोनच शब्द लिहिले. पंतांनी ते वाचले आणि चष्मा काढला.

"पोरी, हे काय? 'गाढव' आणि 'फरशी'? महाराजांच्या हत्तीचा प्रश्न आहे."

"तुमच्या नियमात बसतं ना, पंत?"

नियमात बसत होतं. पंतांचा नाइलाज झाला. एक टोपली आली.

"आता यातल्या 'गुण आला' लिहिलेल्या तेवढ्या ठेवा."

पाच उरल्या. दोन चिठ्ठ्यांत गाढवाने फरशी फोडली होती, दोन चिठ्ठ्यांत घाण केली होती. पाचवी एका कुंभाराची होती: घाटावर नवी गुळगुळीत फरशी घातल्यापासून गाढव पाऊल टाकत नाही, मारलं तरी नाही. खाली एका परटाने लिहिलं होतं: 'त्याला घसरायची भीती वाटते. मारू नका. त्याच्याच गोठ्यातला पेंढा आणि माती फरशीवर जाड पसरा. ओळखीचा वास आला, पाय रुतला, की जाईल.'

सहा महिने घासून आरशासारख्या केलेल्या फरशीवर हत्तीखान्यातला पेंढा पडू लागला, तेव्हा बांधकामाच्या दारोग्याने डोळे मिटून घेतले. रणबहाद्दरने सोंडेने पेंढा हुंगला. एक पाय टाकला. मग दुसरा. आणि घरी निघाल्यासारखा दारातून आत गेला. धोंडजीने त्याच्या कानामागे गाल टेकला.

दरबारात मात्र कुजबुज सुरू झाली. महाराजांनी येसूला पुढे बोलावलं.

"माझा पट्टहत्ती तू गाढवांत शोधलास?"

"हत्ती राज्यात एकच आहे, महाराज. त्याच्याबद्दल लिहिणाऱ्या सगळ्यांनी तो लांबून पाहिलाय. गाढवं घरोघरी आहेत आणि रोज अडतात. ज्याचं रोज अडतं, त्यालाच उपाय सापडलेला असतो."

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. उद्या मीच अडलो, कुणाचं ऐकेना झालो, तर प्रधानांनी कोणता शब्द लिहून द्यावा?"

हत्तीसाठी हिने काय लिहिलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. धोंडजी दारातूनच तिला मानेने 'नको, नको' असं खुणावू लागला.

"'घरधनी ऐकत नाही', असं लिहून द्यावं, महाराज," येसू म्हणाली. "टोपल्या पुरणार नाहीत."

बांबूच्या चिकाच्या पडद्यामागून राणीसाहेबांचं हसू ऐकू आलं.

"आणि त्यांवर उपाय लिहिलेत?" महाराजांनी विचारलं.

"पुष्कळ. पण ते बायकांनी बायकांसाठी लिहिलेत. दरबारात वाचून दाखवण्यासारखे नाहीत."

महाराज इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. धोंडजीला हत्तीखान्याची कायमची सनद मिळाली आणि येसूला प्रश्नघरात भास्करपंतांच्या शेजारची गादी. दुसऱ्या दिवशी पाहुणे राजे पेंढ्यावरून मिरवत आत आले. ही मांडवगिरीची जुनी रीत आहे, असं महाराजांनी त्यांना सांगितलं. त्याच दुपारी राणीसाहेबांची दासी प्रश्नघरात आली. 'घरधनी ऐकत नाही' असं लिहिलेल्या चिठ्ठ्या राणीसाहेबांना हव्या होत्या, आणि त्यांच्या सगळ्या टोपल्या महालात पाठवायच्या होत्या.