चकव्याला राजा लागला

“खुद्द वाऱ्याला चकवलंय मी! उगवतीला निघालेला वारा मावळतीला पाठवला!” असं छाती काढून सांगणारा एक होता चकवा. सांगून झालं की तो इकडं तिकडं बघायचा नि हळूच म्हणायचा, “आता वाऱ्याला कुठं जायचंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.”

राजा पण आहे रे गोष्टीत, दम धरा. तो मागनं येतोय. वाट चुकत येतोय, म्हणून तर उशीर.

तर हा चकवा राहायचा काजळीच्या रानात. अंगानं धुरासारखा, गाल मात्र भोपळ्यासारखे. काम एकच. दिवस कलला की वाटसरूच्या कानात फुंकर मारायची. एका फुंकरीत एक वळण फिरायचं. माणसाला जायचं असायचं उजवीकडं, पाय चालायचे डावीकडं. जायचं असायचं डावीकडं, पाय चालायचे उजवीकडं. मग काय, गोल गोल, त्याच झाडापाशी. परत गोल गोल, परत त्याच झाडापाशी. कोंबडा आरवला की चकवा सोडून द्यायचा. मारायचा नाही, खायचा नाही. नुसती गंमत, बरं का.

पण अलीकडं त्याचे दिवस फिरले होते. आधी आला एक धनगर. त्याला फुंकर मारली तर त्यानं घोंगडं उलटं करून पांघरलं. घोंगडं उलटं केलं की चकवा उतरतो, हे त्याला ठाऊक. गेला सुटून. मग आली एक म्हातारी. तिनं वहाणा उलट्या घातल्या, डाव्या पायात उजवी, उजव्या पायात डावी, नि गेली शिव्या देत. सोने, हसू नकोस, तूही काल चपला उलट्याच घातल्या होत्यास. म्हणून तर शाळेत वेळेवर पोचलीस. मग आला एक जावई, सासुरवाडीला निघालेला. तो मात्र चांगला चकला. पण त्याला तिकडं जायचंच नव्हतं. वाट चुकली म्हणून त्यानं चकव्याचे आभार मानले, नि झाडाखाली मस्त घोरत पडला. आता ह्याला काय चकवणं म्हणायचं?

रानातल्या सगळ्या भुताखेतांचा मुकादम म्हणजे वेताळ. त्यानं चकव्याला पिंपळाखाली बोलावलं.

“तीन गेले,” वेताळ म्हणाला. “चौथा घरी पोचला, तर तुझी चकवेगिरी बंद. गावाखालच्या जोंधळ्यात तुला बुजगावणं करून उभा करतो. डोक्याला मडकं. मडक्यावर कावळा.”

चकव्याला जगात भीती फक्त कावळ्याची. त्याचा धूर पांढराफटक पडला.

नि मग, बरं का, आपला राजा आला.

सुभानराजा त्याचं नाव. राज्य एवढं मोठं की या शिवेवर शिंक दिली तर त्या शिवेपलीकडचा राजा म्हणायचा, “सत्य आहे!” महालाला खिडक्या चार, त्यातली एक उघडायची नाही. पण राजाची ऐट काय विचारता! दर वर्षी शिकारीला जायचा. पुढं वाटाडे, मागं हाकारे, मध्ये राजा. मध्ये असलेला माणूस कधी चुकतो का? म्हणून त्याला वाटायचं, वाट आपल्यालाच सापडते.

त्या वर्षी रानडुकरानं राणीचा रताळ्यांचा मळा उकरला. राजानं धनुष्य उचललं नि म्हणाला, “आज मी एकटा जाणार. वाटाड्या नको, हाकारे नकोत. काजळीचं पान न् पान मला ओळखतं.”

सगुणाराणी भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, “पानं ओळखत असतील हो. तुम्ही पानांना ओळखता का? काल देवघरात म्हणून निघालात नि कोठीत पोचलात. गुळाच्या ढेपेपुढं हात जोडून उभे होतात.”

“ढेपेला मुंगळे लागले होते, ते बघत होतो,” राजा म्हणाला.

“डोळे मिटून?”

राजाला राग आला. राजांना फार लवकर येतो, त्यांना दुसरं काम नसतं. “दिवेलागणीला परत आलो नाही, तर नावाचा सुभान नाही!”

राणीनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, “बरं, एवढं तरी पाठ करा. येताना मोठ्या वडापाशी उजवीकडं. ओढ्यापाशी डावीकडं. वारुळापाशी परत उजवीकडं. की समोर आपला दिवा.”

“उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं,” राजा पाढ्यासारखं म्हणत निघाला.

तसा तो शहाणा होता, बरं का. वाट सापडावी म्हणून जाताना पागोट्याच्या चिंध्या फाडून झाडांना बांधत गेला. मागनं माकडं आली नि त्या सगळ्या सोडून आपापल्या डोक्याला बांधत गेली. मग त्याला डुक्कर दिसलं. डुक्कर पळालं एकीकडं, राजा धावला दुसरीकडं. दोघांनाही बरं वाटलं. मग तो म्हणाला, सूर्य मावळतो ती मावळती, नि महाल उगवतीला, म्हणजे सूर्याकडं पाठ करून चालायचं. बोलेपर्यंत ढग आले नि सूर्यानंच राजाकडं पाठ केली. राहिला फक्त राणीचा पाढा.

मोठा वड तेवढा सगळीकडनं दिसायचा. राजा वडापाशी आला.

पारंब्यांत चकवा लपला होता. त्यानं राजाला बघितलं नि त्याच्या धुरात जीव आला. एकटा माणूस! घोंगडं नाही, वहाणा सरळ, नि डोक्यावर अर्धंच पागोटं!

“वडापाशी उजवीकडं,” राजा पुटपुटला.

चकव्यानं कानात फुंकर मारली. फूऽऽ! झालं, आता हा जाणार डावीकडं.

राजा उजवीकडं गेला. बरोब्बर उजवीकडं. घराच्या वाटेला!

चकवा पारंबीवरनं खालीच पडला. “हे काय?” म्हणाला. “फुंकर शिळी होती का? का कानात मळ आहे मेल्याच्या?” धावत धावत तो ओढ्यापाशी गेला नि दगडाआड दबा धरून बसला. आता त्यानं गाल भरून घेतले, दोन्ही.

राजा आला. “ओढ्यापाशी डावीकडं.”

फूऽऽऽऽ! असली फुंकर, की ओढ्यातले बेडूक पाठीवर पडले. राजाचं उरलेलं पागोटं पाण्यात गेलं. राजा दोनदा गर्रकन फिरला नि गेला डावीकडं. बरोब्बर डावीकडं!

चकव्यानं दगडावर डोकं आपटलं. दगडाला काही झालं नाही नि चकव्यालाही काही झालं नाही, कारण डोकं धुराचं. त्याचा त्याला आणखीच राग आला. “अरे, माझी फुंकर लागली की मेंढरं घर विसरतात! नदीचं पाणी उताराला विचारतं की कुठं जाऊ! नि हा? हा स्वतःचं पागोटं सांभाळता न येणारा माणूस?”

त्याला दूर जोंधळ्याचं शेत दिसायला लागलं. मडकं दिसायला लागलं. कावळ्याची चोच दिसायला लागली.

धापा टाकत तो वारुळापाशी पोचला. पण इतका धावला, इतका ओरडला, की त्याला लागली उबळ. खों खों खों! फुंकर निघेना. तेवढ्यात राजा आलाच. “वारुळापाशी परत उजवीकडं,” म्हणाला, नि चालायला लागला.

डावीकडं!

डावीकडं होता खोल डोह, नि पलीकडं दुसऱ्या राजाचं रान. चकव्यानं खोकता खोकता डोळे पुसले. उशिरा का होईना, गुण आला! आधीच्या दोन फुंकरा आत्ता लागल्या! तो आनंदानं टुणटुण उड्या मारायला लागला. आता तुम्ही असता तर गप्प बसला असता. सोनी बसली नसती, पण बाकीचे तुम्ही बसला असता. चकवा काही गप्प बसला नाही. त्याला वाटलं, कशाला धोका घ्या? काम पक्कं करू या. खोकला थांबला, तसा तो पळत पळत गेला नि राजाच्या कानात मारली एक फुंकर.

राजा थांबला. वळला. नि तुरुतुरु गेला उजवीकडं. समोर महालाचा दिवा.

चकव्यानं स्वतःचा कान धरला, नि स्वतःच्याच कानात फुंकर मारायचा प्रयत्न केला. जमली नाही.

मग तो रडत, चरफडत राजाच्या मागं महालापर्यंत गेला. म्हटलं, बुजगावणं तर व्हायचंच आहे, पण ह्या माणसात आहे काय ते तरी बघू. स्वयंपाकघराच्या खिडकीत, ती न उघडणारी, तिच्या फटीला डोळा लावून बसला.

राजा पाटावर बसला. राणीनं वांग्याचं भरीत वाढलं, भाकरी वाढली. राजानं भाकरी मोडली, भरीत घेतलं, नि घास तोंडात घातला. डाव्या हातानं!

चकवा फटीतनं आतच आला. “महाराज!” तो किंचाळला. “तो हात कुठला?”

राजा दचकला नाही. घास गिळून म्हणाला, “उजवा.”

“उजवा?”

“जेवायचा हात तो उजवा. लहानपणी पंतोजींनी शिकवलंय. मी ह्या हातानं जेवतो, म्हणजे हा उजवा. तुला शिकवलं नाही का कुणी? कोण रे तू, ओल्या लाकडाच्या धुरासारखा?”

बघा पोरांनो. राजपुत्राला सांगणार कोण, की बाळराजे, हात चुकला? पंतोजी घाबरला, गप्प बसला. त्याच्या भीतीपायी सुभानराजाचं उजवं ते डावं झालं नि डावं ते उजवं. तो नेहमीच उलटा जायचा. नि चकव्यानं उलट्याला उलटं केलं की झालं सुलटं!

सगुणाराणीच्या हातातलं वाढणं खाली पडलं. “म्हणून देवघर गुळाच्या कोठीत जायचं होय!” ती म्हणाली. “नि मला इतकी वर्षं वाटायचं, ह्यांना गुळाची भक्ती आहे.”

एवढ्यात परसदारी पावलं वाजली. वेताळ आला. काखेत मडकं, खांद्यावर बुजगावण्याचा फाटका सदरा. “चौथा घरी पोचला,” तो म्हणाला. “चल चकव्या.”

चकव्यानं त्याचे पाय धरले. “मुकादम, मी ह्याला चकवलंय! हा चुकीच्या वाटेनं निघाला होता, मी फुंकर मारली म्हणून घरी आला. विचारा पाहिजे तर!”

वेताळानं राजाकडं बघितलं. “खरं का रे?”

आता राजानं “हो” म्हटलं असतं तर चकवा वाचला असता. पण “मी वाट चुकलो” असं म्हणणारा पुरुष तुम्ही बघितलाय? तुमच्या आजीला विचारा. राजा भरीत चाटत म्हणाला, “छट्! मला कोण चकवणार? मी माझ्या अकलेनं आलो. काजळीचं पान न् पान...”

“मेलो!” चकवा म्हणाला. त्याच्या डोक्यावर वेताळानं मडकं घातलंसुद्धा.

राणी मात्र उठली. “थांबा मुकादम. अहो, एवढी अक्कल आहे ना? मग उठा. चकव्या, तू गाल मिटून बस, काही फुंकायचं नाही. नि तुम्ही तुळशीला दिवा लावून या. ओसरी उतरलं की उजवीकडं, लहान पोरंही चुकणार नाहीत.”

“एवढंच ना?” राजा निरांजन घेऊन ऐटीत गेला.

सगळे कान लावून बसले. ओसरीवर पावलं वाजली. पायऱ्या उतरली. मग गोठ्यातनं राजाचा आवाज आला, “अगं ए! तुळशीला शिंगं कधी फुटली?”

वेताळ असा हसला, असा हसला, की पिंपळावरची वाघळं उडून गेली. हसता हसता त्यानं चकव्याच्या डोक्यावर थाप मारली नि मडक्याच्या झाल्या ठिकऱ्या. डोळे पुसत म्हणाला, “ज्याला चुकायचंच होतं, त्याला तू चुकू दिलं नाहीस. ह्यापेक्षा मोठी चकवेगिरी कुठली? जा, सुटलास. नाहीतरी मडकं फुटलं.”

पण सुटतोय कुठला! राणीनं त्याला तिथंच धरला नि राजाचा वाटाड्या नेमला. तेव्हापासून राजा शिकारीला निघाला की चकवा खांद्यावर. वड आला, फू. ओढा आला, फू. वारूळ आलं, फू. राजा वेळेवर घरी. राणीच्या मळ्यात रताळी. डुक्कर दुसऱ्या राजाच्या रानात, कारण तेही एकदा फुंकरीच्या आड आलं होतं. जेवायला भरीत, झोपायला चुलीची ऊब, नि कावळ्याचं नाव नाही. अशी सगळ्यांची चैन झाली, तशी तुमची आमची होवो. आता वळा कुशीवर. उजव्या म्हटलं, सोने, उजव्या. अगं, जेवायच्या हाताच्या! बरं, राहू दे.

डोळे मिटा, एवढंच राहिलं सांगायचं. एकदा चकव्याचे गाल फार दुखले. तो राजाच्या ताटापुढं येऊन बसला नि काकुळतीला येऊन म्हणाला, “महाराज, हात जोडतो. सगळा जन्म फुंकण्यात चाललाय माझा. त्यापेक्षा एकदाच शिकून घ्या ना, हा उजवा नि हा डावा! सगळं राज्य शिकलंय, तुम्हाला काय होतं?”

राजानं डाव्या हाताची बोटं एकेक करून चाटली नि म्हणाला, “मी शिकू? अरे, सगळं राज्य डाव्या हातानं जेवतं, मी आजवर कुणाला एका शब्दानं बोललो का?”