सुकटीतलं शून्य

खाडीकाठच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे मोठे साहेब रेगे कोळीवाड्यात आले आणि आल्याआल्या गरजले, "परवा परदेशी पाहुणे येतायत. तुमच्या सुकटीचा घाण वास सुटतो. उद्याच्या उद्या हे खळं उठवा!"

खळं उठलं तर बोंबील वाळवायचे कुठे आणि खायचं काय? बायका रडकुंडीला आल्या. त्यांच्यातली पोशीबाई मात्र कमरेवर हात ठेवून पुढं झाली.

"सायेब, तुमच्या धुरानं आमची नातवंडं ओकत होती, तवा काय बोलला होता?"

"वास नाहीच म्हणालो! आमच्या वास मोजायच्या यंत्रावर शून्य होतं. माणसाचं नाक फसतं, यंत्र फसत नाही."

"मग आणा तेच यंत्र."

यंत्र आलं. पोशीबाईनं ते बोंबलांच्या ढिगात खुपसलं, वरून जवळ्याची टोपली उपडी केली. माशा घोंगावल्या, साहेबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण यंत्र शून्यावर ढिम्म!

"बघा, वास नाहीच! आता खळं राहू द्या, नाहीतर लिहून द्या, की तुमच्या यंत्राला नाकच नाही."

यंत्र खोटं म्हणावं, तर धुराचं बिंग फुटणार! शेवटी खळं राहिलं, आणि कारखान्याच्या दप्तरी सहीशिक्क्यानिशी नोंद झाली: सुकटीला वास नसतो.